काचवाल्यांच्या बायकोची रायफल

ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेजवळच्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी करत होते, तिच्या तळमजल्यावर काचेचं काम करणारे एक गृहस्थ बसायचे. आम्हा केमिस्ट लोकांना लागणारी वाकड्यातिकड्या नळ्यांची भांडी ते ज्योतीवर काच तापवून स्वतः घडवत, आणि आम्ही फोडलेली दुरुस्तही करून देत. सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारायचे. साठी उलटलेल्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं मला कधी जमलं नाही. मी मिस्टर लावूनच बोलायचे. घरी मात्र आम्ही त्यांना काचवाले म्हणायचो.

एकदा फुटलेला कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करायची काचेची नळी, घेऊन मी खाली गेले, तेव्हा त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवरचा फोटो मी पहिल्यांदा नीट पाहिला. जाड कॅनव्हासचं जाकीट घातलेली एक बुटकी बाई, हातात रायफल, चेहऱ्यावर हसू नाही पण समाधान आहे. मी विचारलं, ही पॉइंट टू टू बोअरची रायफल आहे का. ते हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघत राहिले. साडी सोडून नुकतीच पँट घालायला लागलेली पाच फुटांची हिंदुस्थानी बाई हा प्रश्न विचारेल असं त्यांना वाटलं नसावं.

मग मी सांगितलं. नागपूरला कॉलेजात असताना मी छात्रसेनेत होते. कॅम्पात आम्हा मुलींना सतरंजीवर पालथं झोपवून नेमबाजी शिकवायचे. आमचे हवालदार कमी बोलायचे. अर्धा श्वास सोडा, थांबा, मग बोट दाबा, एवढंच. मी बऱ्यापैकी नेम मारायचे. पुढे एमएस्सी, लग्न, मुलगी, अमेरिका, आणि तो विषय कुठल्या कुठे मागे राहिला. इथल्या आठ वर्षांत मी तो कुणापाशी काढलाही नव्हता.

फोटोतली बाई त्यांची बायको होती. शाळेत लायब्ररियन होती आणि तीन वर्षांपूर्वी वारली होती. वीस-बावीस वर्षं दोघं एकाच नेमबाजी क्लबात जात होते. तिचे हात आखूड, म्हणून रायफलचा लाकडी दस्ता काचवाल्यांनी स्वतः कापून, घासून तिच्या मापाचा केला होता.

दोन आठवड्यांनी ते मला पाहुणी म्हणून क्लबात घेऊन गेले. माझा इंजिनिअर नवराही आला, काळजीपोटी. क्लब म्हणजे एक लांबट बैठी इमारत, एका टोकाला चटया आणि दुसऱ्या टोकाला कागदी लक्ष्यं. काचवाले माझ्या शेजारी गुडघे टेकून बसले होते. मी पालथी झाले, त्यांच्या बायकोच्या रायफलचा दस्ता खांद्याला लावला, आणि इतक्या वर्षांनी तो माझ्या खांद्यात बरोबर बसला. पाच गोळ्यांपैकी चार रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागल्या. पाचवी कुठे गेली ते विचारू नका.

मला त्या दिवशी माझ्या नेमापेक्षा तिथल्या लोकांची शिस्त जास्त आवडली. कुणी लक्ष्य बदलायला पुढे गेलं की सगळ्यांचे बोल्ट, म्हणजे गोळी भरायच्या खिळी, उघडे आणि सगळ्यांचे हात रायफलपासून दूर. कुणी कुणाला ओरडत नव्हतं. एक सत्तरीचे गृहस्थ आणि एक कॉलेजची मुलगी, दोघांना नियम अगदी सारखेच. नवऱ्यानंही ते टिपलं असावं, कारण परत निघताना तो म्हणाला, "आमच्या प्लान्टमध्येसुद्धा सेफ्टी एवढी पाळत नाहीत."

निघायच्या आधी काचवाल्यांनी मला बाजूला घेतलं. ते चार महिन्यांनी रिटायर होणार होते आणि पेनसिल्व्हेनियात मुलीजवळ राहायला जाणार होते. बायकोची रायफल त्यांच्या मुलीला नको होती, आणि ती दुकानात टाकायची त्यांची इच्छा नव्हती.

"तुम्ही घेतलीत तर मला बरं वाटेल," ते म्हणाले. "पण कार्ड आल्याशिवाय मी ती तुम्हाला देणार नाही."

कसलं कार्ड, ते मला माहीतही नव्हतं. माझी समजूत अशी की अमेरिकेत बंदूक म्हणजे दुकानातून टोस्टर आणावा तशी आणता येते. काही राज्यांत दोन शेजाऱ्यांनी हात मिळवले की व्यवहार संपतो, असं त्यांनी सांगितलं. न्यू जर्सीत तसं नव्हतं. इथे साधी रायफल घ्यायची, तीही ओळखीच्या माणसाकडून, तरी आधी आपल्या गावच्या पोलिसांकडे अर्ज करून खरेदीदाराचं ओळखपत्र मिळवावं लागे. पिस्तुलाचं तर त्याहून कडक, दर पिस्तुलाला वेगळा परवाना. विकणाऱ्यानं ते कार्ड डोळ्यांनी बघायचं, घेणाऱ्यानं एका ठरावीक फॉर्मवर आपण घेण्यास पात्र आहोत असं लिहून सही करायची, मगच वस्तू हातात. हे सगळं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी एका कागदावर टाइप करून आणून दिलं. वर माझं नाव, खाली त्यांची सही.

घरी नवऱ्यानं विचार करायला दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाला की त्याला स्वतःला आवडलेलं नाही, पण क्लबात माझा चेहरा त्यानं पाहिला होता, तेव्हा नाही म्हणणार नाही. एकच अट. सगळं कायद्याप्रमाणे झालं पाहिजे. आपण अजून ग्रीन कार्डवर आहोत, एक चूक झाली तर सगळ्यांनाच महागात पडेल.

ग्रीन कार्डाची धास्ती मलाही होती. आमच्या लहानशा गावच्या पोलिस ठाण्यात मी लंच अवरमध्ये गेले, तेव्हा खिडकीपलीकडचे सार्जंट मला हसून परत पाठवतील अशी मनाची तयारी करूनच गेले होते. मी हेतू सांगितला. ते हसले नाहीत. मी नागरिक आहे का, विचारलं. मी ग्रीन कार्ड पुढे केलं. त्यांनी ते पाहिलं, "एक मिनिट," म्हणाले, आणि आतून कायद्याचं एक जाड पुस्तक घेऊन आले. खिडकीतच उभं राहून, बोट फिरवत, त्यांनी त्यातलं एक पान शेवटपर्यंत वाचलं. मागे दोन माणसं ताटकळत होती.

"नागरिक असायला हवं असं यात कुठे लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही अर्ज करू शकता."

आठ वर्षांत कितीतरी खिडक्यांपुढे मी उभी राहिले होते. माझे उच्चार ऐकून आधी नाही म्हणायचं आणि मग नियम शोधायचा, हा अनुभव मला नवा नव्हता. आधी नियम वाचून मग उत्तर देणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला. त्यांना हे माझं वाटणं कधी कळलं नसेल.

फॉर्ममध्ये सगळं विचारलं होतं. कधी शिक्षा झाली आहे का, दारूचं किंवा ड्रग्जचं व्यसन आहे का, मानसिक आजारासाठी कुठे दाखल होतात का. तशी नोंद तपासायला संमती म्हणून वेगळी सही. मग दहाही बोटांचे ठसे. माझ्या अंगठ्याची कातडी अॅसिडं आणि सॉल्व्हंटं हाताळून गुळगुळीत झालेली. ठसा उमटेना. सार्जंटनी तीनदा शाई लावली, तीनदा पुसली, चौथ्या वेळी जमलं. ठसे राज्याकडे आणि तिथून पुढे केंद्र सरकारकडे जाणार, त्याला काही आठवडे लागणार, हे त्यांनी सांगितलं. शेवटी दोन ओळखीच्या माणसांची नावं हवी होती, नात्यातली नकोत. पोलिस त्यांना पत्र पाठवून माझ्याबद्दल विचारणार होते.

पहिलं नाव मी माझ्या लॅबमधल्या बॉसबाईंचं दिलं. दुसरं दिलं डॉक्टरकाकांचं. हे काका सर्जन, आमच्या भागातल्या मराठी मंडळींत सगळ्यांत आधी आलेले. कुणाचं बाळंतपण असो की कुणाला पहिलं घर घ्यायचं असो, सल्ला त्यांचा. मी त्यांना फोन केला आणि इथे एक चूक केली. "काका, एका परवान्यासाठी पोलिसांकडून पत्र येईल, तुमचं नाव दिलंय," एवढंच म्हणाले. कसला परवाना ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते घाईत होते, आणि मी त्यांच्या घाईचा फायदा घेतला.

आठवडे गेले. काचवाले रोज थोडं थोडं सामान आवरत होते. त्यांच्या घराला गिऱ्हाईक मिळालं. मी खाली गेले की ते फक्त भुवया उंचावत, मी नकारार्थी मान हलवत असे. तिसरा महिना संपत आला तेव्हा मी पोलिस ठाण्यात फोन केला. ठसे आले होते. बॉसबाईंचं उत्तर आलं होतं. डॉक्टरांचं आलं नव्हतं.

रविवारी मी एकटीच काकांकडे गेले. काकूंनी चहा आणि चकल्या पुढे ठेवल्या आणि, त्यांना सगळं माहीत असावं, काही काम काढून आत निघून गेल्या. काकांनी टेबलाच्या खणातून पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं.

"हे काय आहे?"

"रायफलच्या परवान्याचं आहे, काका."

"ते मला वाचता येतं. तू मला परवाना म्हणालीस. बंदूक म्हणाली नाहीस."

मी माफी मागितली. खरोखरच लाज वाटत होती. काचवाल्यांनी मला एकेक गोष्ट टाइप करून दिली होती, आणि मी माझ्याच घरच्यासारख्या माणसाशी अर्धंच बोलले होते. काका चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात सांगू लागले. ट्रेनिंगच्या काळात ते एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात इमर्जन्सीला होते. तिथे त्यांनी सात वर्षांच्या मुलीच्या पोटातून गोळी काढली होती. कपाटात बापाचं पिस्तूल होतं, आणि भाऊ-बहीण खेळत होते.

"वाचली का?" मी विचारलं.

"वाचली. पण मी ते विसरलो नाही." मग ते म्हणाले, "तू चांगली मुलगी आहेस हे मी दहा वेळा लिहून देईन. पण तुझ्या घरात नऊ वर्षांची पोर आहे. ती बंदूक घरात कुठे राहणार, ते मला आधी सांग. मग मी सही करीन."

 कपाटावर, असं काहीतरी डोक्यात होतं. ते सांगायची लाज वाटली, म्हणून ठरवून सांगते म्हणाले आणि निघाले.

सोमवारी काचवाल्यांना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं त्यांना राग येईल. एक परका डॉक्टर त्यांच्या विकण्याच्या आड येत होता आणि दिवस थोडे उरले होते. ते म्हणाले, "तुमचा डॉक्टर बरोबर विचारतोय. कायदा हे विचारत नाही. विचारायला हवं." त्या काळी घरात बंदूक कशी ठेवावी याबद्दल आमच्या राज्याचा कायदा खरंच काही म्हणत नव्हता.

त्याच शनिवारी ते आमच्या घरी आले. गाडीत त्यांच्या बायकोचं रायफल ठेवायचं उभं पोलादी कपाट, ड्रिल आणि मापाची टेप. बेसमेंटच्या काँक्रीटच्या भिंतीत भोकं पाडून त्यांनी आणि माझ्या नवऱ्यानं ते कपाट पक्कं बसवलं. दोन इंजिनिअरी डोकी एकत्र आल्यावर जे होतं तेच झालं, मला कुणी हात लावू दिला नाही. त्यांनी मला पद्धत घालून दिली. रायफल या कपाटात, रिकामी. तिचा बोल्ट काढून वेगळ्या जागी. काडतुसं वरच्या मजल्यावर दुसऱ्या कुलपात. किल्ल्या माझ्याकडे, आणि किल्ली कुठे असते ते मुलीला कळता कामा नये.

मुलगी जिन्यावर बसून बघत होती. "आई, व्हॉट इज इट फॉर?" तिनं विचारलं. मी काही बोलायच्या आत काचवाल्यांनी तिला जवळ बोलावलं आणि सरळ सांगितलं, यात तुझ्या आईची रायफल राहणार आहे. तुला ती कधी बघावीशी वाटली तर आईला सांग, ती स्वतः काढून दाखवेल. एकटीनं कधी नाही. दुसऱ्याच्या घरी बंदूक दिसली तर हात लावायचा नाही आणि मोठ्या माणसाला सांगायचं. तिनं ते त्यांच्यापुढे म्हणून दाखवलं. मी तिला इतकं सरळ सांगू शकले नसते. काहीतरी गोष्ट रचली असती.

काकांना मी फोन केला, तर ते म्हणाले, मी बघायला येतो. संध्याकाळी आले. कोट न काढताच बेसमेंटमध्ये उतरले, किल्ली फिरवून पाहिली, कुलूप लावून दार दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. मग मुलीला बोलावून तिला ओढायला लावलं. तिनं लोंबकळून ओढलं. दार हललं नाही. वर येऊन ते जेवणाच्या टेबलाशी बसले, खिशातून पोलिसांच्या पत्रासोबतचा फॉर्म काढला आणि तिथेच भरला. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. पाकीट चिकटवून, जाताना स्वतःच टपालात टाकलं.

पण दिवस संपले होते. काचवाल्यांच्या घराचा ताबा पुढच्या गुरुवारी द्यायचा होता. बुधवारी मी त्यांच्या घरी सामान भरायला मदत करायला गेले. रायफल लांब, बंद केसमध्ये, केसच्या कड्या लावलेल्या, गाडीच्या डिकीत सगळ्यांत खाली ठेवलेली. घर बदलताना आपली बंदूक नेता येते, पण रिकामी आणि बंद करूनच, हे त्यांनी मला त्याही गडबडीत सांगितलं.

तेव्हा माझ्या मनात जे चाललं होतं ते मी बोलून टाकलं. उत्तर पोस्टात गेलेलं आहे, कार्ड आठवड्यात येईल. कपाट तयार आहे, तुम्हीच बसवलेलं. रायफल माझ्याकडे ठेवून जा. किल्ली हवी तर तुम्ही न्या.

"नाही," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. त्यांनी डिकीचं झाकण लावलं आणि मग समजावून सांगितलं. कार्ड नसताना ती माझ्या घरात राहिली तर मी गुन्हेगार ठरेन आणि देणारे म्हणून तेही. माझ्यासारख्या ग्रीन कार्डवाल्या बाईला तर ते जन्मभर पुरेल. शिवाय उद्यापासून ते दुसऱ्या राज्याचे रहिवासी होणार. मग कार्ड आलं तरी ते मला स्वतःच्या हातानं रायफल देऊ शकणार नव्हते. दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या माणसांत असा व्यवहार करायचा तर मधे परवानेवाला दुकानदार लागतो, आणि तो माझ्या राज्यातला.

"जरा लांबचं पडेल," ते म्हणाले, "पण होईल."

गाडीत बसल्यावर मला रडू आलं, थोडं रागानंही. एवढा विश्वास नाही का माझ्यावर, असं वाटलं. घरी येईपर्यंत ते ओसरलं. विश्वास होता म्हणूनच बायकोची वस्तू त्यांनी माझ्यासाठी अडवून ठेवली होती. मी वाट बघणं टाळायला बघत होते, आणि ते मला अडचणीत पडू देत नव्हते.

बारा दिवसांनी पोलिस ठाण्यातून फोन आला. सार्जंटनी कार्ड खिडकीतून दिलं. साधं, पाकिटात मावणारं कार्ड, त्यावर माझं नाव, पत्ता, नंबर आणि अंगठ्याचा ठसा, तोच चौथ्या वेळी उमटलेला. पत्ता बदलला तर नवं काढायचं, एवढंच सांगून त्यांनी माझं अभिनंदन केलं. मी त्या रात्री काचवाल्यांना फोन करून कार्डावरचं सगळं वाचून दाखवलं.

त्यांनी त्यांच्या गावातल्या दुकानदारामार्फत रायफल आमच्या जवळच्या एका परवानेवाल्या दुकानदाराकडे पार्सलनं पाठवली. ठरलेल्या शनिवारी आम्ही दुकानात पोचलो, तर काचवाले दारातच उभे. अडीच तास गाडी चालवून, रिकाम्या हातानं आले होते. "कागदावर माझं इथे काही काम नाही," ते म्हणाले, "पण मला यावंसं वाटलं."

दुकानात अर्ध्या भागात मासेमारीच्या काठ्या आणि अर्ध्या भागात बंदुका. मालक चष्मा कपाळावर ढकलून काम करणारे. त्यांनी आधी माझं कार्ड पाहिलं, नंबर उतरवला. मग केंद्र सरकारचा फॉर्म, पुन्हा तेच सगळे प्रश्न, पुन्हा सही. राज्याच्या फॉर्मवर वेगळी सही. रायफल आपल्या बांधीव वहीत त्यांनी कुणाकडून आली आणि कुणाला गेली अशी नोंदवली, आणि पोलादावर कोरलेला नंबर वहीशी दोनदा ताडून पाहिला. मला कंटाळा यायला हवा होता. मी ते सगळं लक्ष देऊन बघत होते. अशा वस्तूची एवढी काळजी तीन-चार माणसं आपापल्या जागी घेत होती, आणि त्यांतल्या कुणालाही ती कटकट वाटत नव्हती.

पार्किंगमध्ये काचवाल्यांनी शेवटचा पाठ घेतला. बोल्ट काढून नळी आकाशाकडे धरली आणि मला तिच्यातून बघायला लावलं. रिकामी. केस बंद, कड्या लावलेल्या, डिकीत. काडतुसं वेगळ्या डब्यात. आणि इथून सरळ घरी. वाटेत पेट्रोल संपलं, टायर बसला, तर थांबायला हरकत नाही. उगाच भटकायचं नाही, कायद्यात तसं लिहिलं आहे.

आम्ही पुढे, ते त्यांच्या गाडीतून मागे. आयसेलिन जवळ आलं तशी नवऱ्याला आठवण झाली की संध्याकाळी काका-काकू जेवायला येणार आहेत आणि घरात कोथिंबीर नाही.

"पाच मिनिटं ओक ट्री रोडला देशी दुकानापाशी थांबू."

"कोथिंबिरीसाठी थांबलो तर ते गरजेचं धरतील का?"

त्यानं खरंच विचार केला. "नाही धरणार," म्हणाला, आणि सरळ पुढे निघाला. कोथिंबीर तो नंतर, रायफल कपाटात गेल्यावर, वेगळा जाऊन घेऊन आला.

काचवाल्यांना मी जेवायला ठेवून घेतलं. काका आले तेव्हा मी दोघांची ओळख करून दिली आणि मला थोडी धाकधूक होती. काकांनी बंदुकीचा विषयच काढला नाही. तुम्ही काच फुंकता म्हणजे नेमकं काय करता, हे विचारलं. मग दोघं तासभर बोलत बसले. वितळलेल्या काचेला हात किती स्थिर लागतो, आणि शिरा शिवताना किती लागतो. काचवाल्यांनी वरणभात दोनदा घेतला. जाताना काकांनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि हात बराच वेळ हातात धरला. आतल्या खोलीत मी भांडी आवरत होते, काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही.

त्यानंतर सहा-सात वर्षं मी रविवारी सकाळी क्लबात जात होते. सुरुवातीच्या स्पर्धेत खालून दुसरी आले. पुढे बरी झाले, फार मोठी नाही. प्रत्येक स्पर्धेचं लक्ष्य मी काचवाल्यांना पेनसिल्व्हेनियाला पाठवायचे आणि ते पेन्सिलनं त्यावर खुणा करून परत पाठवायचे, कोपर आत घ्या, घाई केलीत, हे चांगलं. ते गेल्याचं त्यांच्या मुलीनं पत्रानं कळवलं. सोबत मी पाठवलेलं शेवटचं लक्ष्य होतं, खुणा अर्ध्याच केलेलं.

नवीन येणाऱ्यांना फॉर्म भरायला मदत करायचं काम क्लबात पुढे माझ्याकडे आलं. एक नर्स आली होती, उत्साही, तिला तिच्या काकाची रायफल मिळणार होती. मी तिला कागदपत्रं समजावली आणि मग विचारलं, घरात कोण कोण आहे. दोन लहान मुलगे आहेत, म्हणाली. मग आम्ही कपाटाबद्दल बोललो. तिचं कार्ड यायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत ती मला दर आठवड्याला फोन करून वैतागायची, आणि मी तिला दर आठवड्याला तेच सांगायचे, की अजून थांब.